विमान अचानक तेर्सेइरा बेटावर उतरले तर

लिस्बन किंवा माद्रिदमार्गे अमेरिकेला निघालेल्या प्रवाशाच्या तिकिटावर तेर्सेइरा हे नाव कुठेही नसते. अटलांटिकवर काही तास उड्डाण झाल्यावर वैमानिक जाहीर करतो की विमान तेर्सेइरा बेटावरील लाजेश विमानतळावर उतरवावे लागत आहे, आणि थोड्याच वेळात खिडकीतून काळ्या दगडी कुंपणांनी चौकोन पाडलेली हिरवीगार शेते दिसू लागतात. कारण बहुधा एखाद्या प्रवाशाची बिघडलेली तब्येत, एखाद्या यंत्रणेतील दोष किंवा प्रतिकूल वाऱ्यामुळे कमी पडू लागलेले इंधन, यांपैकी काहीतरी असते. अशा वेळी पहिल्या तासात काय करावे, कोणते कागद पुढे करावेत, कंपनीकडे काय मागावे आणि मुक्काम लांबल्यास बेटावर काय पाहावे, हे प्रथमच परदेशी निघालेल्या प्रवाशासाठी येथे क्रमाने मांडले आहे.

तेर्सेइरा हे अझोर्स द्वीपसमूहाच्या नऊ बेटांपैकी एक. हा द्वीपसमूह लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे १,५०० किलोमीटरवर असून १९७६ पासून तो पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस किलोमीटर आणि वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्यापेक्षाही लहान. तरीही लाजेशची धावपट्टी सव्वातीन किलोमीटरहून लांब आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, ब्रिटिशांनी आणि पुढे अमेरिकनांनी ती लष्करी विमानांसाठी वापरली आणि वाढवली. दोन इंजिनांच्या विमानाला समुद्र ओलांडताना ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो, आणि मध्य अटलांटिकमध्ये असे ठिकाण म्हणून लाजेशचे नाव वैमानिकांच्या कागदांवर नेहमी असते. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या विमानातील इंधन गळतीमुळे समुद्रावरच संपले, दोन्ही इंजिने बंद पडली, आणि सुमारे १९ मिनिटे केवळ तरंगत येऊन ते याच धावपट्टीवर उतरले. विमानातील सर्व ३०६ जण बचावले. तेव्हा लाजेशचे नाव ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. आपले विमान योग्य ठिकाणी आले आहे, एवढेच त्यावरून समजावे.

निघण्यापूर्वीची तयारी

अनपेक्षित थांब्याची तयारी घरातूनच करावी लागते. माझ्या स्वतःच्या अनुभवात, एका सहप्रवाशाच्या आजारपणामुळे विमान वळले तेव्हा कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास संपले आणि आम्हाला रात्रभर थांबावे लागले. मोठ्या बॅगा विमानाच्या पोटातच राहिल्या, आणि रक्तदाबाच्या माझ्या गोळ्या त्यातल्याच एका बॅगेत होत्या. तेव्हापासून तीन-चार दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, कपड्यांचा एक जोड, चार्जर आणि पातळ पावसाळी जाकीट या गोष्टी मी हातातल्या पिशवीतच ठेवतो. चिठ्ठीवर औषधाचे केवळ व्यापारी नाव नसावे, मूळ रासायनिक नावही असावे, कारण आपल्याकडचे ब्रँड तेथील औषधांच्या दुकानात ओळखले जात नाहीत. पासपोर्ट, व्हिसा, पुढचे तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती असाव्यात. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेत उभे असताना संपते. सुट्ट्या नोटांत पन्नास-साठ युरो जवळ असले की पहिला दिवस निभावतो.

घरून दिलेल्या खाऊबद्दल एक सूचना आवश्यक आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. पेढे, खवा, पनीर किंवा तुपाची बरणी घेऊन विमानतळाबाहेर पडण्याचा प्रसंग आला, तर तो डबा तेथेच सोडावा लागू शकतो. चिवडा, शेंगदाण्याची चिक्की किंवा चकली यांची अशी अडचण होत नाही.

विमान धावपट्टीवर उभे असताना

उतरल्यावर लगेच उठून सामान काढण्याची घाई करू नये. केवळ इंधन भरण्यासाठी किंवा रुग्णाला उतरवण्यासाठी थांबा असेल, तर प्रवाशांना बहुधा आसनावरच बसवून ठेवतात आणि विमान तासा-दीड तासात पुन्हा निघते. या वेळात कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात: थांबण्याचे नेमके कारण काय, प्रवाशांना खाली उतरवणार आहेत का, आणि वैमानिकांच्या कामाचे किती तास शिल्लक आहेत. नवखा प्रवासी हा तिसरा प्रश्न सहसा विचारत नाही, पण रात्रीचा मुक्काम होणार की नाही हे त्याच्याच उत्तरावर ठरते. कारण कायद्याने ठरवलेली कामाची मर्यादा संपली की दोष दुरुस्त झाला तरी त्याच कर्मचाऱ्यांना विमान पुढे नेता येत नाही, आणि विश्रांतीचा काळ पूर्ण होईपर्यंत किंवा दुसरे कर्मचारी येईपर्यंत सर्वांना थांबावे लागते.

विमान किती वाजता उतरले, दार केव्हा उघडले आणि कोणती घोषणा झाली, हे वेळेसह लिहून ठेवावे. घड्याळ लावताना लक्षात ठेवावे की अझोर्सची वेळ मुख्य पोर्तुगालच्याही एक तास मागे असते. भारत हिवाळ्यात साडेसहा तास, तर उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे असतो. घरी कळवताना हा हिशोब केला म्हणजे पहाटे तीन वाजता आई-वडिलांना दचकवून उठवण्याची वेळ येत नाही.

पासपोर्टच्या खिडकीवर

भारतीय पासपोर्टधारकाला सर्वाधिक अडचण येथेच येते, म्हणून हा भाग नीट समजून घ्यावा. बेट समुद्रात एकटे असले तरी ते पोर्तुगालचा, आणि म्हणून शेंगेन क्षेत्राचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, भाग आहे. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असल्यामुळे येथे प्रवेशाचा हक्क मिळत नाही. अनेक वेळा प्रवेश देणारा आणि मुदतीत असलेला शेंगेन व्हिसा असल्यास काम सोपे होते. मात्र एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल आणि लिस्बनहून निघताना बाहेर पडल्याची नोंद झाली असेल, तर तो व्हिसा वापरून झाला असे धरले जाते. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या नातवाला व्हिसा लागत नाही आणि आजी-आजोबांना लागतो, असा पेच एकाच कुटुंबात पडू शकतो. अशा वेळी कुटुंबाने रांगेत एकत्र उभे राहावे आणि आम्ही एकत्र प्रवास करत आहोत हे आधीच सांगावे.

व्हिसा नसलेल्या प्रवाशासमोर दोन शक्यता असतात. पहिली म्हणजे टर्मिनलच्या आतच थांबणे. दुसरी म्हणजे सीमेवर मिळणारा अपवादात्मक व्हिसा: प्रवाशाला आधी अर्ज करणे शक्य नव्हते आणि आकस्मिक, अपरिहार्य कारण घडले आहे असे दिसल्यास सीमा अधिकारी कमाल १५ दिवसांच्या मुक्कामाचा, एका प्रवेशाचा व्हिसा देऊ शकतात. हा हक्क नसून अधिकाऱ्याच्या निर्णयाचा विषय आहे. म्हणून वाद न घालता पुढच्या प्रवासाचे तिकीट, गंतव्य देशाचा व्हिसा आणि विमान वळवल्याचे कंपनीचे पत्र पुढे करावे. विमानतळावरील सीमातपासणी ऑक्टोबर २०२३ पासून पोर्तुगालच्या सार्वजनिक सुरक्षा पोलिसांकडे आहे. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून तीत बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. त्यामुळे पूर्ण विमान भरून आलेल्या प्रवाशांची रांग हळू सरकते. वृद्धांसाठी खुर्ची मागण्यात संकोच करू नये.

कंपनीकडे काय मागावे

उड्डाण युरोपीय संघातील विमानतळावरून निघाले असेल तर कंपनी कोणत्याही देशाची असो, संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. बाहेरून युरोपकडे येणाऱ्या उड्डाणाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच तो लागू होतो. या नियमाच्या आधारे खाणे-पिणे, रात्रीचा निवास, निवासापर्यंतची ने-आण आणि घरी कळवण्याची सोय मागावी. रुग्णासाठी किंवा हवामानामुळे विमान वळले असल्यास रोख भरपाई सहसा मिळत नाही, पण त्यामुळे जेवण आणि खोली नाकारण्याचे कारण निर्माण होत नाही. यंत्रातील नेहमीच्या स्वरूपाचा दोष असेल आणि शेवटच्या ठिकाणी पोहोचायला मोठा विलंब झाला असेल, तर लांब पल्ल्याच्या उड्डाणासाठी ६०० युरोपर्यंत भरपाईचा दावा करता येतो. म्हणूनच कारण लेखी घ्यावे. विमान वळल्याचे दोन ओळींचे पत्र पुढे विमा कंपनीला, कार्यालयाला आणि चुकलेल्या जोडविमानाच्या खिडकीवर अशा तिन्ही ठिकाणी लागते.

बेटावर हॉटेलांच्या खोल्या मोजक्याच आहेत. अडीचशे-तीनशे प्रवासी एकदम आले की कंपनीचा स्थानिक प्रतिनिधीही गोंधळतो. त्याच्यावर ओरडणाऱ्यांपेक्षा त्याच्याजवळ कागद घेऊन उभ्या राहिलेल्यांची व्यवस्था लवकर झाल्याचे मी पाहिले आहे. स्वतः खोली घ्यावी लागलीच, तर प्रत्येक पावती जपून ठेवावी.

हाती किती वेळ आहे

पुढच्या विमानाची वेळ लेखी मिळेपर्यंत विमानतळ सोडू नये, हा माझा ठाम सल्ला आहे. ‘बहुधा संध्याकाळी’ या उत्तरावर विसंबून बेट पाहायला निघालेले प्रवासी आपले नाव पुकारले जात असताना डोंगरावर छायाचित्रे काढत असतात. वेळ निश्चित झाल्यावर मात्र खोलीत झोपून राहणे हा करंटेपणा ठरेल.

चार-पाच तास असतील तर दूर जाऊ नये. विमानतळाजवळचे गाव म्हणजे प्राया द व्हितोरिया. तेथे वाळूचा किनारा, खाणावळी, औषधांची दुकाने आणि पाय मोकळे करायला जागा आहे. टॅक्सीवाल्याशी आधी भाडे ठरवून ५४५ मीटर उंचीच्या सेरा दु कुम या डोंगरावर जाऊन यावे. वरून खाली पाहिले की शेतांचे तुकडे, त्यांच्या कडेचे काळे दगड आणि मध्ये चरणाऱ्या गाई यांचा एकच पट पसरलेला दिसतो. स्थानिक लोक त्याला ठिगळांचे पांघरूण म्हणतात. आपल्या भाषेत याला गोधडीखेरीज दुसरा शब्द नाही. ढग उतरले असतील तर काहीही दिसणार नाही, पण येथे एका दिवसात चारही ऋतू येतात असे म्हणतात, त्यामुळे वीस मिनिटे थांबून पाहायला हरकत नसते.

पूर्ण दिवस मिळाला तर सुमारे वीस किलोमीटरवरील आंग्रा दु एरुइझ्मु हे शहर गाठावे. कान्होजी आंग्र्यांशी या नावाचा काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये आंग्रा म्हणजे लहान खाडी. मात्र या खाडीचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे, आणि तो पाचशे वर्षांहून जुना आहे. भारताकडून परतणाऱ्या पोर्तुगीज जहाजांना आफ्रिकेच्या किनाऱ्याने थेट उत्तरेला जाता येत नसे, कारण वारे समोरून येत. म्हणून ती अटलांटिकमध्ये दूर पश्चिमेला वळसा घेत आणि अझोर्सच्या अक्षांशावर पश्चिमेचे वारे पकडून लिस्बन गाठत. त्यामुळे आंग्रा हे थकलेल्या जहाजांचे पाणी, अन्न आणि दुरुस्ती मिळण्याचे ठिकाण झाले.

या वाटेवर आजाऱ्यासाठी वळवलेला प्रवासही झाला आहे. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत त्याचा भाऊ पाउलो दुसऱ्या जहाजाचा कप्तान होता. कालिकतहून निघून, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून ते परत फिरले, तेव्हा पाउलोची प्रकृती खालावत गेली. केप व्हर्देच्या बेटांवर वास्कोने त्याला लवकर नेण्यासाठी वेगळे जहाज घेतले आणि अखेर तेर्सेइराकडे वळवले. तेथे पोहोचताच १४९९ मध्ये पाउलोचा मृत्यू झाला. त्याला आंग्रातील सान फ्रांसिस्कु मठात पुरले. त्या मठात आता शहराचे संग्रहालय आहे, आणि शहरात दोनच तास मिळाले तर मी सर्वप्रथम तेथे जाईन.

दुसरा अडकलेला प्रवासी यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण. तो १५८३ मध्ये गोव्याला आला, तेथील आर्चबिशपचा सचिव म्हणून राहिला, आणि १५८९ मध्ये परतताना तेर्सेइराला पोहोचला. बाहेर इंग्रज जहाजे टपलेली होती, आणि मलाक्क्याहून मिरी घेऊन आलेले एक जहाज आंग्राच्या खाडीतच बुडाले. तो माल वर काढण्याच्या कामात हा मनुष्य दोन वर्षांहून अधिक काळ बेटावर राहिला. त्याने काढलेला आंग्राचा नकाशा आजही शहराच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. कंपनीने ‘आणखी सहा तास’ म्हटले की मला या माणसाची आठवण होते.

१ जानेवारी १९८० च्या भूकंपात शहराचा बराच भाग कोसळला आणि द्वीपसमूहात साठाहून अधिक माणसे दगावली. जुन्याच धर्तीवर पुनर्बांधणी होत असताना १९८३ मध्ये शहराचा मध्यभाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. बंदरालगतच्या मोंते ब्राझील या जुन्या ज्वालामुखीच्या टेकडीवर चालत जाता येते, आणि तिच्या पायथ्याचा स्पॅनिश काळातला किल्ला पाहताना सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वाचकाला तटबंदीची रचना परकी वाटणार नाही. रस्त्याने जाताना दिसणाऱ्या रंगीत, खेळण्यासारख्या छोट्या प्रार्थनाघरांना इंपेरियु म्हणतात. ती पवित्र आत्म्याच्या उत्सवासाठी गावोगावी बांधलेली आहेत.

दुसरा दिवसही मिळाला तर बेटाच्या मध्यावरील अल्गार दु कार्व्हाउ येथे ज्वालामुखीच्या रिकाम्या नळीतून जमिनीच्या पोटात उतरता येते. आत पावसाच्या पाण्याचे तळे आहे. पायऱ्या ओल्या असतात आणि उघडण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी आणि घाईत असणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. उत्तर किनाऱ्यावर बिश्कोइतुश येथे लाव्हाच्या खडकांत तयार झालेली समुद्रस्नानाची नैसर्गिक कुंडे आहेत. लाटा मोठ्या असतील तर काठावरूनच पाहावे.

१ मे ते १५ ऑक्टोबर या काळात गावांतून दोरीने बांधलेल्या बैलांचा खेळ होतो. रस्त्यावर पांढऱ्या रेषा आखलेल्या असतात, बैल सुटल्याची सूचना दारूच्या बाणाने देतात, आणि बैलाला तेथे मारत नाहीत. आपल्याकडे पोळ्याला सजवलेला बैल पाहिलेल्याला हा प्रकार रुचेलच असे नाही. पाहायचाच असेल तर एखाद्या घराच्या उंच भिंतीमागून पाहावा आणि रेषेच्या आत पाऊल टाकू नये.

जेवण, औषध आणि भाषा

बेटाचा अभिमानाचा पदार्थ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेले गोमांस, अल्कात्रा. शाकाहाऱ्याने ‘सैं कार्न, सैं पैश’, म्हणजे मांस नको, मासे नको, असे स्पष्ट सांगावे, आणि भाजीच्या सूपमध्येही मांसाचे तुकडे नाहीत ना, हे विचारून घ्यावे. पाव, स्थानिक चीज, उकडलेले बटाटे, अंडी आणि फळे यांवर दोन दिवस सहज निघतात. खाद्यपदार्थांच्या यादीवर नजर टाकली की घरच्यासारखे वाटते: पाव, बटाटा, कोबी, अननस हे शब्द याच भाषेतून आपल्याकडे आले आहेत. हॉटेलच्या खोलीची चावी आणि न्हाणीघरातली बादली यांनाही तोच शब्दसंबंध आहे. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ आणि स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणावे. अमेरिका आणि कॅनडात जाऊन राहिलेल्यांचे नातेवाईक येथे घरोघरी असल्याने इंग्रजीवरही काम भागते.

औषधांच्या दुकानावर हिरव्या क्रॉसची खूण असते. बेटाचे रुग्णालय आंग्रा येथे असून आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. आपल्याकडचे दोन पिनांचे चार्जर तेथील खोबणीत सहसा बसतात. अमेरिकन प्लग बसत नाही.

पुन्हा निघताना

ठरलेल्या वेळेच्या तीन तास आधी विमानतळावर परत यावे, कारण सर्वांची तपासणी पुन्हा होते आणि खिडक्या थोड्याच आहेत. जुने बोर्डिंग पास टाकून देऊ नयेत. पासपोर्टवर किंवा संगणकीय नोंदीत प्रवेश झाला असेल तर हे दिवस शेंगेनमध्ये १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याच्या मर्यादेत धरले जातात, याची नोंद स्वतःकडेही करून ठेवावी. चुकलेले जोडविमान एकाच तिकिटावर असल्यास पुढची व्यवस्था कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर दुसऱ्या कंपनीला आपणच तातडीने कळवावे, नाहीतर ‘प्रवासी आला नाही’ म्हणून उरलेला सगळा प्रवास रद्द होण्याची भीती असते.

गंतव्यस्थानी बॅग मिळाली नाही तर पट्ट्याजवळच्या खिडकीवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. भारत ज्याचा सदस्य आहे त्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार बॅग खराब झाल्यास ७ दिवसांत, आणि उशिरा मिळाल्यास ती मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.

बेटाची आठवण म्हणून बहुतेक जण दोना आमेलिया नावाचे, दालचिनी आणि काकवी घातलेले छोटे केक घेतात. १९०१ मध्ये बेटावर आलेल्या राणीचे हे नाव आहे. त्यांत अंडी असतात हे घरच्या शाकाहारी मंडळींना सांगावे, आणि अमेरिकेत उतरताना सोबत खाद्यपदार्थ असल्याचे सीमाशुल्क अधिकाऱ्याला न विसरता कळवावे.